पाठीला पाठ लावलेली घरे

इंग्लंडची वास्तुकला म्हटली की आमच्या डोळ्यांपुढे उभी राहतात ती उंच मनोऱ्यांची कॅथेड्रले आणि उमरावांचे प्रशस्त वाडे. पण ज्या हातांनी त्या देशाचे कारखाने चालविले, ते हात रात्री कोठे विसावत असत? त्याचे उत्तर बर्मिंगहॅम शहरात, इंज स्ट्रीट आणि हर्स्ट स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर, आजही उभे आहे. ‘कोर्ट १५’ हे त्या वस्तीचे नाव. अशा घरांस इंग्रजीत ‘बॅक टु बॅक’ म्हणतात. म्हणजे पाठीला पाठ लावून बांधलेली घरे.

ही ११ घरे साधारणपणे १८०२ ते १८३१ या काळात एका चौकाभोवती उभी राहिली. एका छपराखाली दोन घरे, मधली भिंत दोघांची. एकाचे तोंड रस्त्याकडे, तर दुसऱ्याचे आतल्या चौकाकडे. घर तीन मजल्यांचे, परंतु प्रत्येक मजल्यावर खोली एकच. मागे शेजारी, दोन्ही बाजूंस शेजारी. म्हणून दार आणि खिडक्या फक्त पुढच्या अंगाला. वारा आत शिरे, पण आरपार जात नसे. शौचकूप आणि कपडे धुण्याची खोली चौकात, सर्वांत मिळून. थोड्या जागेत अधिक भाडेकरू बसविता यावेत, हे या रचनेमागील गणित होते.

तरीही या भिंतींआड कष्टाळू संसार नांदले. १८४० च्या दशकात येथे घड्याळांचे काटे बनविणारे एक यहुदी कुटुंब राहत होते; पुढे काचेचे कृत्रिम डोळे घडविणारा कारागीर आला, कुलुपे करणारे आले.

ख्रिस्तसभेने या हालांकडे पाठ फिरविली नव्हती. १८४९ साली जॉन हेन्री न्यूमन यांनी याच शहरात, दारू गाळण्याच्या एका जुन्या इमारतीत, आपल्या ऑरेटरीचे काम सुरू केले आणि त्याच वर्षी जवळच्या बिल्स्टन गावी पटकीच्या रोग्यांच्या सेवेस ते धावून गेले. २०१९ साली ते संतपदास पोहोचले. १८८४ मध्ये कामगारांच्या घरांविषयी शाही आयोग नेमला गेला, तेव्हा वेस्टमिन्स्टरचे कार्डिनल मॅनिंग त्याचे सदस्य होते. कुटुंबाच्या पावित्र्याचा उपदेश करणाऱ्याने त्या कुटुंबाच्या छपराचाही विचार केला पाहिजे, हे त्यांच्या या कृतीतून आम्ही शिकतो.

बर्मिंगहॅमने १८७६ साली अशी नवी घरे बांधण्यास मनाई केली. १९०९ च्या कायद्याने ती देशभर लागू झाली. परंतु कायद्याने नवे बांधकाम थांबले, जुने भाडे थांबले नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्या शहरात अशी ४० हजारांहून अधिक घरे होती. ‘कोर्ट १५’ राहण्यास अयोग्य ठरले ते १९६६ साली. त्यानंतरही रस्त्याकडील दुकाने चालू राहिली. कॅरिबियन बेटावरून आलेल्या एका शिंप्याने तेथे कित्येक वर्षे कपडे शिवले. बाकीचे चौक जमीनदोस्त झाले. हा एक १९८८ मध्ये संरक्षित वास्तूंच्या यादीत आला, दुरुस्त झाला आणि जुलै २००४ मध्ये नॅशनल ट्रस्टने तो लोकांसाठी खुला केला.

हा चौक जपला गेला हे बरे झाले. तो पाहून ‘तेव्हा शेजारधर्म केवढा होता’ असे म्हणून हळहळणे सोपे आहे. मुंबईच्या चाळींविषयी आम्हीही असेच बोलतो. शेजारधर्म खरा होता. पण कोंदट खोलीत खोकणारे मूलही तितकेच खरे होते.

आमच्या धर्मग्रामांतील काही कुटुंबांनी वाडीत भाड्याच्या खोल्या बांधल्या आहेत. त्यात गैर काही नाही; अनेकांच्या मुलांचे शिक्षण त्या भाड्यावर झाले आहे. मात्र पुढची खोली बांधण्यापूर्वी मागच्या भिंतीला एक खिडकी ठेवावी, एवढीच आमची विनंती. घरास आशीर्वाद देण्यास आम्ही येऊ, तेव्हा भाडेकरूच्या खोलीतही आम्हांस अवश्य न्यावे.