बॅटरीतली काळी पूड : भंडाऱ्याच्या दगडाचा सव्वाशे वर्षांचा प्रवास

१/
आमच्या दिंडोरी तालुक्यात टॉर्चला कोणी टॉर्च म्हणत नाही, 'बॅटरी' म्हणतात. आणि तिच्यात घालतात ते 'सेल'. शेतीपंपाची वीज रात्रीची असली की द्राक्षबागेला पाणी देण्यासाठी मध्यरात्री उठावे लागते. बिबट्याचा वावर असलेल्या या भागात हातात बॅटरी असल्याशिवाय बांधावर कोणी पाय ठेवत नाही. लहानपणी संपलेले सेल फोडणे हा आमचा खेळ होता. आतली कार्बनची कांडी फरशीवर रेघोट्या ओढायला ठेवायची आणि काळी पूड फेकून द्यायची. आजचा हा धागा त्या फेकून दिलेल्या पुडीविषयी आहे.

२/
ही पूड म्हणजे मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड. तिची वाहकता वाढावी म्हणून तीत काजळीसारखा कार्बन मिसळलेला असतो. सेलचे बाहेरचे नळकांडे जस्ताचे. जस्त झिजताना इलेक्ट्रॉन सोडते, ते बाहेरच्या तारेतून दिव्यातून फिरतात आणि शेवटी मँगनीज डायऑक्साइड ते स्वीकारते. स्वीकारणारा नसेल तर देणाऱ्याचा उपयोग नाही. म्हणून सेलची ताकद आणि आयुष्य या काळ्या पुडीच्या गुणवत्तेवर फार अवलंबून असते.

३/
या रचनेचा जनक फ्रेंच अभियंता जॉर्ज लक्लांशे. १८६६ साली त्याने जस्त, नवसागराचे द्रावण आणि मँगनीज डायऑक्साइड यांचा घट तयार केला. तो ओला होता. कलंडला की सांडे. १८८६-८७ मध्ये जर्मनीच्या कार्ल गास्नरने द्रावणाऐवजी ओलसर लगदा वापरून 'कोरडा' सेल साधला. १८९६ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल कार्बन कंपनीने 'कोलंबिया' नावाचा कोरडा सेल बाजारात आणला आणि सेल घाऊक प्रमाणावर बनणारी वस्तू झाला.

४/
१८९६ हे साल लक्षात ठेवा, कारण त्याच वर्षी आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडली. दिंडोरीहून सातशेहून अधिक किलोमीटर पूर्वेला, तेव्हाच्या मध्य प्रांतात, 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट' स्थापन झाली. पुढे हीच संस्था 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर कंपनी' म्हणून ओळखली गेली. कंपनी ब्रिटिश, नोंदणी ब्रिटनमधली. आणि जमिनी नागपूर, भंडारा, बालाघाट परिसरातल्या. एकीकडे मँगनीज वापरणारा उद्योग उभा राहत होता, दुसरीकडे मँगनीज खणणारा. दोघांमध्ये अर्धे जग पसरलेले होते.

५/
अर्थात हे मँगनीज प्रामुख्याने सेलसाठी नेले जात नव्हते. त्याचा मोठा गिऱ्हाईक होता पोलाद. मँगनीजवाचून चांगले पोलाद बनत नाही हे बेसेमरच्या भट्टीनंतर, म्हणजे १८५६ नंतर, स्पष्ट झाले होते. १८८२ मध्ये रॉबर्ट हॅडफील्डने मँगनीज पोलादाचा शोध लावला. १९०५ च्या सुमारास रशियातील अशांततेमुळे कॉकेशसमधला पुरवठा विस्कळीत झाला आणि भारतीय खनिजाला एकदम मागणी आली. काही वर्षांतच भारत मँगनीजच्या जगातील आघाडीच्या उत्पादकांत जाऊन बसला.

६/
मध्य प्रांतातले काही खनिज आगगाडीने मुंबई बंदरात येई. नागपूर-मुंबई लोहमार्ग भुसावळ, मनमाड, नाशिक रोड, इगतपुरी असा येत कसारा घाट उतरतो. म्हणजे भंडारा-नागपूरच्या काळ्या दगडाने भरलेल्या वाघिणी आमच्या जिल्ह्यातूनच समुद्राकडे जात होत्या. जाताना तो दगड होता. परत येताना त्याचे रूप बदललेले असे आणि किंमतही.

७/
भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लुईस फर्मरने १९०९ साली भारतातील मँगनीज साठ्यांवर प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. मँगनीजयुक्त एका खडकाला त्याने 'गोंडाइट' हे नाव दिले, या प्रदेशातल्या गोंड लोकांवरून. आजही जगभरच्या भूविज्ञानाच्या पुस्तकांत ते नाव आहे. खडकाला नाव गोंडांचे मिळाले; खाणीचा पट्टा मात्र कंपनीच्या नावे राहिला. हातोडीने दगड फोडून चांगला-वाईट वेगळा करण्याचे काम इथल्या स्त्री-पुरुष मजुरांनी केले.

८/
आता प्रश्न असा : खाणीतला दगड दळून थेट सेलमध्ये का भरत नाहीत? भरत असत, आणि काही साध्या सेलमध्ये आजही नैसर्गिक खनिज मिसळतात. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग खाणीत डायऑक्साइडने समृद्ध खनिज मिळतेही. पण नैसर्गिक दगडात लोह, तांबे, निकेल यांचे अंश असतात. त्यांतले काही जस्ताला आतून कुरतडतात, वायू तयार करतात आणि सेल वापरण्याआधीच मरू लागतो. शिवाय प्रत्येक खाणीचा, किंबहुना प्रत्येक थराचा दगड वेगळा.

९/
यावरचा उपाय म्हणजे विद्युत अपघटन. शाळेत आपण शिकलो ते तांब्याचे शुद्धीकरण : अशुद्ध तांब्याचा धनाग्र, शुद्ध तांब्याचा ऋणाग्र, मधे मोरचुदाचे द्रावण. १८६५ मध्ये इंग्लंडच्या जेम्स एल्किंग्टनने त्याचे पेटंट घेतले आणि डायनॅमो आल्यावर तो मोठा उद्योग झाला. तिथे धातू एका पट्टीवरून सुटून दुसरीवर बसतो, म्हणून वीज थोडी लागते : किलोमागे साधारण पाव युनिट. मँगनीज डायऑक्साइडचे गणित याहून निराळे आहे. तिथे धातू नव्हे, संयुग हवे असते. आणि ते ऋणाग्रावर नव्हे, धनाग्रावर जमते.

१०/
कृती अशी. हा दगड गंधकाम्लात सहजी विरघळत नाही. म्हणून तो आधी कोळशाबरोबर तापवून त्यातला काही ऑक्सिजन काढून घेतात. मग तो आम्लात विरघळतो आणि मँगनीज सल्फेटचे फिकट गुलाबी द्रावण मिळते. आम्लता कमी केली की लोह गाळ होऊन खाली बसते. तांबे, निकेल, कोबाल्ट हे सल्फाइडच्या रूपात वेगळे काढतात. गाळलेले द्रावण ९० अंश सेल्सिअसच्या वर तापवून त्यातून वीज सोडतात. धनाग्रावर मँगनीज डायऑक्साइडचा काळा थर चढत जातो, ऋणाग्रावर हायड्रोजन सुटतो. कित्येक दिवसांनी थर जाड झाला की तो सोलून काढतात, दळतात, धुतात आणि उरलेले आम्ल मारतात.

११/
यातली एक गोष्ट मला फार आवडते. थर बसताना द्रावणात गंधकाम्ल पुन्हा तयार होते आणि तेच आम्ल पुढचा दगड विरघळवायला परत जाते. खर्च होते ती मुख्यतः वीज. फॅरडेने १८३४ साली मांडलेल्या नियमांनी हिशेब करा : १ किलो मँगनीज डायऑक्साइड जमवायला सुमारे ६१७ अँपिअर-तास विद्युतभार लागतो. दाब दोन-सव्वादोन व्होल्ट धरला तर किलोमागे सव्वा ते दीड युनिट, म्हणजे तांब्याच्या शुद्धीकरणाच्या पाच-सहा पट. तापवण्याचा खर्च वेगळाच.

१२/
१९१८ मध्ये व्हॅन आर्सडेल आणि मायर या अमेरिकी संशोधकांनी सेलसाठी असे विद्युत अपघटनी डायऑक्साइड बनवता येते हे दाखवले. १९५० च्या दशकात लुईस अरीने अल्कधर्मी सेल विकसित केला. त्याला तर हेच शुद्ध डायऑक्साइड लागते. तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाच्या रिमोटसारख्या छोट्या उपकरणांतल्या अल्कधर्मी सेलमध्ये तेच असते. म्हणजे दगडाची जागा हळूहळू प्रक्रियेने घेतली. ज्याच्याकडे वीज आणि कृती, त्याच्याकडे बाजार.

१३/
आणि इथे आपली बाजू लंगडी होती. भंडाऱ्यात दगड होता. वीज नव्हती, विद्युत-रसायनाचे शिक्षण नव्हते, खाण आपल्या मालकीची नव्हती. नॅशनल कार्बन ही १९१७ साली युनियन कार्बाइडचा भाग झाली. १९३४ मध्ये त्याच घराण्याची 'एव्हररेडी कंपनी (इंडिया)' कोलकात्यात स्थापन झाली. हीच पुढची युनियन कार्बाइड इंडिया, जिचे नाव १९८४ च्या भोपाळमुळे सर्वांना ठाऊक आहे. खेड्यापाड्यांत रात्रीचा उजेड नेणारी कंपनी आणि भोपाळची कंपनी एकच होती, हे आपण सहसा जोडून पाहत नाही.

१४/
मालकी टप्प्याटप्प्याने बदलली. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला. १९६० मध्ये भंडारा आणि नाशिक हे दोन्ही जिल्हे महाराष्ट्राचे झाले. १९६२ मध्ये भारत सरकार आणि ब्रिटिश कंपनी यांच्यातील करारातून 'मँगनीज ओर (इंडिया) लिमिटेड', म्हणजेच आजची नागपूरची मॉइल, जन्माला आली : ५१ टक्के भांडवल केंद्र सरकार, मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांचे, ४९ टक्के जुन्या कंपनीचे. १९७७ मध्ये ते ४९ टक्केही घेतले गेले. दरम्यान १९७४ पासून कोराडीचे औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले आणि विदर्भ राज्याला वीज पुरवू लागला.

१५/
त्यानंतरच्या काळात मॉइलने डोंगरी बुजुर्गच्याच खनिजापासून, भारतीय तंत्रज्ञानावर, विद्युत अपघटनी मँगनीज डायऑक्साइड बनवणारा कारखाना उभारला. ज्या मातीतून दगड निघाला तिथेच तो सेलच्या पुडीत रूपांतरित होऊ लागला. १८९६ पासून मोजले तर या एका पावलाला ऐंशीहून अधिक वर्षे लागली.

१६/
पण आनंदाच्या भरात प्रमाण विसरू नये. मॉइल वर्षाला दहा लाख टनांहून अधिक खनिज काढते. या कारखान्याची क्षमता मात्र एक-दीड हजार टनांची. हजार टन दगडामागे एखाद-दोन टन पूड. पोलादाला मँगनीज लागणारच, सगळा दगड सेलमध्ये जाणार नाही, हे खरे. स्वस्त व अखंड विजेशिवाय हा उद्योग परवडत नाही, हेही खरे. तरीही 'दगड आपला, कृती त्यांची' हा वसाहतकाळातला हिशेब किती बदलला, याचे उत्तर या दोन आकड्यांत सापडते.

१७/
आपण वसाहतवादाचा अभ्यास बहुधा कापूस आणि कापडाच्या उदाहरणाने करतो. ते उदाहरण बरोबर आहे, पण त्यामुळे असा समज होतो की ती गोष्ट गिरण्यांबरोबर संपली. मँगनीज सांगते की कच्चा माल आणि पक्का माल यांतली दरी मालकी बदलल्याने आपोआप बुजत नाही. मालकी १९७७ मध्ये पूर्ण आपली झाली. पण वीज, प्रयोगशाळा, तंत्रज्ञ आणि बाजार ही चार कामे त्यानंतरही उरतातच. आज विजेवरच्या वाहनांच्या बॅटऱ्यांसाठी मँगनीजची मागणी वाढते आहे, तेव्हा हा प्रश्न जुना राहिलेला नाही.

१८/
मागच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा वडील रात्री पाण्यावर निघाले होते. बॅटरी मंद झाली होती, मी नवे सेल घातले. जुने दोन अजून माझ्या टेबलावर आहेत; या वेळी फोडले नाहीत. तुमच्यापैकी कोणी तुमसर, रामटेक किंवा बालाघाट भागातले असेल आणि घरात कोणी मँगनीजच्या खाणीत काम केले असेल, तर त्यांच्या आठवणी आत्ताच लिहून ठेवा. कंपनीचा इतिहास सापडतो. दगड फोडणाऱ्यांचा आपल्यालाच लिहावा लागेल.