नाना शंकरशेट : पेढीवरची पत आणि लोककार्य

मुंबईस धनिकांची वाण कधींच नव्हती. परंतु व्यापारांत मिळविलेली पत लोककार्यास भांडवल म्हणून देणारे पुरुष थोडे. जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे ऊर्फ नाना हे त्यांतील अग्रणी होत.

नानांचा जन्म १८०३ सालीं मुरबाड येथें झाला. १८२२ मध्यें वडील वारले आणि ऐन तारुण्यांत मोठ्या संपत्तीचा व व्यापाराचा भार त्यांजवर पडला. बॅंका त्या काळीं नवख्या होत्या. अरब आणि अफगाण व्यापारी आपलें द्रव्य बॅंकेंत न ठेवतां नानांच्या स्वाधीन करीत, अशी त्यांची ख्याति होती.

हीच पत पुढें सार्वजनिक कामांच्या उपयोगी पडली. १८४५ सालीं सर जमशेटजी जिजीभाई यांच्यासह त्यांनीं आगगाडीसाठीं मंडळी उभारली. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली. १८४९ सालीं मुलींच्या शाळा निघाल्या, तेव्हां लोकापवादास न भितां नानांनीं आपल्या वाड्यांत एका शाळेस जागा दिली.

तथापि त्यांची खरी कसोटी लागली ती शिक्षणमंडळांत. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे न्यायाधीश, आणि इंग्रजी शिक्षणाचे कट्टे पुरस्कर्ते. नाना स्वतः इंग्रजी जाणणारे. साहेबांची मर्जी राखण्यांत व्यापाऱ्याचें हितच होतें. तरीही १८४७ सालीं त्यांनीं लेखी मत नोंदविलें, कीं सामान्य जनांपर्यंत विद्या पोंचवावयाची तर ती देशभाषांतूनच पोंचेल. इंग्रजीला त्यांचा विरोध नव्हता. मूठभरांच्या विद्येस लोकशिक्षण म्हणणें मात्र त्यांस मान्य नव्हतें. लोकशिक्षणासाठीं देशभाषाच हव्यात, हें तत्त्व पुढें १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यानेंही मान्य केलें.

१८५२ सालीं बॉंबे असोसिएशन स्थापन झाली, तिचें अध्यक्षपद नानांकडे आलें. कंपनीच्या कारभारांतील उणीवा तिनें विलायतेच्या पार्लमेंटपुढें अर्जानें मांडल्या. १८६२ सालीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत नेमलेल्या पहिल्या हिंदी सभासदांत नाना होते.

त्याच सुमारास अमेरिकेंतील यादवीमुळें मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला, आणि शहरास शेअरांचें वेड लागलें. युद्ध संपतांच भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा सौद्यांच्या फेडीचा दिवस उजाडला, आणि कित्येक पेढ्या बुडाल्या. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस नाना निवर्तले. शेअरांचे कागद रद्दींत गेले; पण मॅट्रिकच्या परीक्षेंत संस्कृतांत पहिल्या येणाऱ्यास मिळणाऱ्या शिष्यवृत्तीमुळें नानांचें नांव पिढ्यान्‌पिढ्या घरोघर राहिलें.