मॅन्फ्रेडला क्षमा कोणी करायची?

एकच नाट्यपद दोन गायकांच्या ध्वनिमुद्रिकांवरून ताडून ऐकण्याचा नाद आपल्याकडे जुना आहे. कोणी तान वाढवली, कोणी अंतरा आटोपता घेतला, यावर घरोघरी वाद रंगतात. पाश्चात्त्य संगीतात रचनाकार प्रत्येक स्वर कागदावर उतरवून ठेवतो, तेव्हा तेथे वादकांना अशी मोकळीक नसणार, अशी सर्वसाधारण समजूत असते. चायकॉव्स्कीच्या 'मॅन्फ्रेड' सिंफनीची निरनिराळी ध्वनिमुद्रणे ऐकल्यावर मला ही समजूत खरी वाटेनाशी झाली.

बायरनचे 'मॅन्फ्रेड' हे नाट्यकाव्य १८१७ साली प्रसिद्ध झाले. गतप्रिया अस्टार्टीच्या आठवणीने पोळलेला मॅन्फ्रेड आल्प्स पर्वतात भटकतो. तिच्या छायेपुढे तो क्षमेची याचना करतो, पण क्षमेचा शब्द काही तिच्या तोंडून निघत नाही. अखेर धर्मगुरूचा आधारही नाकारून तो मरतो. रशियन संगीतकार बालाकिरेव्हने या विषयाचा आराखडा चायकॉव्स्कीच्या गळी उतरवला आणि १८८५ साली ही सिंफनी तयार झाली. पहिला प्रयोग मार्च १८८६ मध्ये मॉस्कोत झाला. चौथ्या आणि पाचव्या सिंफनीच्या मधली ही कृती. पण तिला क्रमांक नाही आणि त्या दोघींची लोकप्रियताही तिच्या वाट्याला आली नाही.

चायकॉव्स्कीने शेवट मात्र बायरनचा ठेवला नाही. त्याची अस्टार्टी क्षमा करते. सारा वाद्यवृंद शमत जातो आणि मॅन्फ्रेड शांतपणे डोळे मिटतो. या जागी त्याने स्वरलिपीत चक्क हार्मोनियम लिहिली आहे! पॅरिसमध्ये १८४२ साली जिचे पेटंट घेतले गेले, ती ही युरोपीय पेटी. आपल्या संगीत रंगभूमीवर रुळलेल्या पायपेटीची सख्खी बहीण. बहुतेक ध्वनिमुद्रणांत तिच्या जागी मोठा चर्च-ऑर्गन वाजतो. घरगुती प्रार्थनेचे असे देवळातील महापूजेत रूपांतर होते.

संचालकांनी केलेले बदल एवढ्यावरच थांबले नाहीत. तोस्कानिनीने १९४९ साली एन.बी.सी. वाद्यवृंदाबरोबर केलेले मुद्रण धगधगते आहे. पण शेवटच्या भागावर त्याने कात्री चालवली. त्याला पसारा नको होता, नाट्य हवे होते. रशियन संचालक स्वेत्लानोव्ह याहून पुढे गेला. बर्लिन फिलहार्मोनिकबरोबरच्या १९८९ च्या मैफलीत त्याने क्षमेचा शांत शेवटच गाळला आणि तेथे पहिल्या भागाचा आक्रोश पुन्हा आणून बसवला. हा मॅन्फ्रेड क्षमेवाचून मरतो. गंमत अशी, की चायकॉव्स्कीला बाजूला सारून स्वेत्लानोव्ह बायरनच्या जवळ पोहोचतो.

वासिली पेत्रेंकोने लिव्हरपूलच्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेली, २००८ साली निघालेली तबकडी काटछाट न करणारी आहे. तिच्यात घाई नाही. आधीचा कल्लोळ पुरता सोसल्यावर क्षमा येते, म्हणून ती पटते.

कात्री चालवणाऱ्यांच्या बाजूने एक पुरावा आहे, तो दडवता कामा नये. १८८८ साली खुद्द चायकॉव्स्कीनेच या कृतीविषयी नाराजी व्यक्त केली होती. पहिला भाग सोडून बाकीचे तीन नष्ट करावेत, असे त्याच्या मनात होते. पण त्याने ते केले नाही, हेही तितकेच खरे. वैतागलेल्या घटकेचे बोल हे मृत्युपत्र मानता येत नाही.

मला संचालकांच्या स्वातंत्र्याचे वावडे नाही. लय, जोर, विराम यांत तो हवे ते करो. पण क्षमा करावी की न करावी, हा प्रश्न लयीचा नव्हे. तो रचनाकाराने विचारपूर्वक बायरनला दिलेला जबाब आहे. ज्या घरात एकच तबकडी येते, तेथे तीच 'मॅन्फ्रेड' ठरते आणि पुढची पिढी त्यालाच चायकॉव्स्कीचे म्हणणे समजते. म्हणून प्रथम संपूर्ण कृती ऐकावी. तोस्कानिनी आणि स्वेत्लानोव्ह त्यानंतर आवर्जून ऐकावेत, कारण मैफलीतली काटछाट हवेत विरते, पण ध्वनिमुद्रणातली इतिहासात नोंदली जाते. एकाच मृत्यूकडे तिघांनी कसे पाहिले, हे मग आपल्याच कानांना कळते.