टॅटू गोंदवून घेण्यापूर्वी आणि त्यानंतर : जाणून घ्यावयाच्या बाबी

हेब्बाळ (म्हैसूर) : म्हैसूर शहराच्या वायव्य भागातील हेब्बाळ हे औद्योगिक वसाहत, तलाव आणि इन्फोसिस कंपनीचे विस्तीर्ण प्रशिक्षण संकुल यांसाठी ओळखले जाते. बंगळुरूमधील याच नावाच्या उपनगरापेक्षा हे ठिकाण वेगळे आहे. महाविद्यालयीन शिक्षण संपवून नोकरीच्या पहिल्या पायरीवर उभे असलेले तरुण-तरुणी देशाच्या सर्व भागांतून येथे प्रशिक्षणासाठी येतात. त्यांत महाराष्ट्रातील मुलामुलींचाही समावेश असतो. घरापासून दूर, हाती पहिला पगार आणि सोबतीला समवयस्क मित्रमंडळी, अशा वातावरणात टॅटू काढून घेण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. हा निर्णय तासाभरात अमलात येतो, परंतु त्याचे परिणाम त्वचेवर, आरोग्यावर आणि काही वेळा नोकरीच्या संधींवरही दीर्घकाळ राहतात. म्हणून त्यासंबंधीची मूलभूत माहिती आधीच करून घेणे हिताचे ठरते.

गोंदण आणि टॅटू

शरीरावर गोंदवून घेणे मराठी समाजाला नवे नाही. कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर गोंदण असलेल्या आज्या-पणज्या अनेक घरांत होत्या. कर्नाटकात याच प्रथेला ‘हच्चे’ म्हणतात. काजळी आणि वनस्पतींचा रस यांचे मिश्रण सुईने टोचून त्वचेत उतरवले जाई. आजच्या टॅटूत सुईच्या जागी विजेवर चालणारे यंत्र आणि काजळीच्या जागी कारखान्यात तयार झालेली शाई आली, मात्र मूळ क्रिया तीच राहिली. पूर्वी जत्रेत एकाच सुईने अनेकांना गोंदत असत. आजही यात्रा-जत्रांत आणि रस्त्याच्या कडेला यंत्र घेऊन बसणाऱ्यांकडे हा धोका कायम असतो.

शाई त्वचेत का टिकते, हे समजून घेण्यासाठी म्हैसूरमधीलच एक उदाहरण उपयोगी पडते. मतदाराच्या बोटाला लावली जाणारी न पुसणारी शाई म्हैसूर पेंट्स अँड वार्निश लिमिटेड या कर्नाटक सरकारच्या उपक्रमात तयार होते. १९३७ मध्ये स्थापन झालेल्या या कारखान्याची शाई १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून वापरात आहे. या शाईतील सिल्व्हर नायट्रेट त्वचेच्या केवळ बाह्य थरावर डाग उमटवते. तो थर झडून नवा येत असल्याने काही आठवड्यांत डाग नाहीसा होतो. टॅटूची सुई मात्र बाह्यत्वचा भेदून सुमारे एक ते दोन मिलिमीटर खोल, अंतस्त्वचेपर्यंत जाते. तेथे शरीराच्या संरक्षक पेशी रंगकण गिळून धरून ठेवतात. त्या पेशी नष्ट झाल्या तरी नव्या पेशी तेच कण पुन्हा सामावून घेतात. त्यामुळे चित्र वर्षानुवर्षे राहते. काही रंगकण लसीकाग्रंथींपर्यंतही पोहोचतात.

शाईविषयीची चिंता

भारतात टॅटूच्या शाईसाठी स्वतंत्र मानक नसल्याचा प्रश्न कर्नाटकातच ठळकपणे पुढे आला. २०२५ च्या पूर्वार्धात राज्याचे आरोग्यमंत्री दिनेश गुंडू राव यांनी शाईच्या नमुन्यांच्या तपासणीत २२ जड धातू आढळल्याचे जाहीर केले. त्यांत सेलेनियम, क्रोमियम, प्लॅटिनम आणि आर्सेनिक यांचा उल्लेख होता. शाईचे नियमन व्हावे, यासाठी केंद्र सरकारकडे मागणी करण्याची भूमिकाही त्यांनी मांडली. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतील हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या आहेत.

ग्राहकाच्या हाती तूर्तास एवढेच राहते, की शाईची मूळ बाटली पाहावी. तिच्यावर उत्पादकाचे नाव, घटक, गट क्रमांक आणि अंतिम मुदत छापलेली असावी. शाई पातळ करण्यासाठी निर्जंतुक पाणीच वापरले जावे. नळाचे किंवा साधे शुद्ध केलेले पाणीही चालत नाही, कारण त्यात क्षयरोगाच्या जंतूंच्या कुळातील काही सूक्ष्मजीव असू शकतात. २०११ च्या अखेरीस अमेरिकेतील रॉचेस्टर येथे १९ जणांना अशा जंतूंचा संसर्ग झाला होता आणि त्याचा संबंध आधीच पातळ केलेल्या करड्या शाईशी असल्याचे आढळले होते. म्हणजे दुकान स्वच्छ असूनही शाईच दूषित असू शकते.

लाल रंगाच्या शाईमुळे ॲलर्जी होण्याचे प्रमाण इतर रंगांच्या तुलनेत अधिक आढळते. ती लगेच दिसेलच असे नाही. काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही चित्राचा तेवढाच भाग खाजू, फुगू किंवा जाडसर होऊ शकतो. ‘तात्पुरता टॅटू’ म्हणून लावली जाणारी काळी मेंदीही सर्वस्वी निर्धोक नाही. केसांच्या कलपात असणारे पीपीडी हे रसायन तिच्यात मिसळलेले असल्यास त्वचेवर फोड येऊ शकतात आणि पुढे कलप लावतानाही आयुष्यभर त्रास होऊ शकतो.

कोणी थांबावे, कोणी डॉक्टरांना विचारावे

गर्भवती व स्तनदा मातांनी टॅटू पुढे ढकलणे योग्य. मधुमेह नियंत्रणात नसलेल्या, रोगप्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्या, हृदयाच्या झडपांचा विकार असलेल्या किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्या व्यक्तींनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रक्त पातळ करणारे औषध मात्र टॅटूसाठी स्वतःहून बंद करू नये. ज्यांच्या जखमेचा व्रण वाढून जाड गाठीसारखा होतो, म्हणजे ज्यांना केलॉइड होण्याची प्रवृत्ती आहे, त्यांच्याबाबत टॅटूच्या जागीही तसेच होण्याची शक्यता असते. सोरायसिससारख्या विकारात सुई टोचलेल्या जागी नवे चट्टे उठू शकतात. तीळ किंवा जन्मखुणेवर टॅटू काढू नये. तिच्यात पुढे होणारा बदल रंगाखाली झाकला जातो आणि गंभीर आजाराचे निदान लांबते.

हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही हे रक्तावाटे पसरणारे संसर्ग दूषित सुईतून होऊ शकतात. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातही, किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. या आजारावर प्रभावी लस आहे. बालकांच्या लसीकरण कार्यक्रमात ती देशभर उपलब्ध होण्यापूर्वी जन्मलेल्या अनेक तरुणांनी ती घेतलेली नसते. प्रौढांना साधारणतः पहिल्या मात्रेनंतर एक महिन्याने दुसरी आणि सहा महिन्यांनी तिसरी मात्रा दिली जाते. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीवर लस नाही. धनुर्वाताच्या लसीची मात्राही अद्ययावत आहे का, हे पाहून घ्यावे.

नोकरी आणि रक्तदान

सैन्यदलात जाण्याची इच्छा असलेल्यांनी या बाबीकडे विशेष लक्ष द्यावे. भारतीय लष्कराच्या भरतीत कोपराच्या आतील बाजूपासून मनगटापर्यंतचा हाताचा आतला भाग आणि तळहाताची मागील बाजू एवढ्याच ठिकाणी कायमस्वरूपी टॅटूला परवानगी असते. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढी-परंपरेनुसार सवलत मिळते. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीत टॅटूचा आशय, जागा आणि आकार या तिन्ही गोष्टी पाहिल्या जातात. सलामी न देणारा हात म्हणून डाव्या हाताचाच आतला भाग ग्राह्य धरला जातो आणि टॅटू त्या अवयवाच्या एक चतुर्थांशापेक्षा लहान असावा लागतो. नियमांत बदल होत असल्याने संबंधित वर्षाची जाहिरात वाचूनच निर्णय घ्यावा. अन्य नोकऱ्यांतही चेहरा, मान आणि बोटे यांवरील टॅटू झाकता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

टॅटू काढल्यानंतर काही काळ रक्तदान करता येत नाही. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हा काळ १२ महिन्यांचा आहे. रक्तपेढीतील प्रश्नावलीत ही माहिती लपवू नये, कारण संसर्गाच्या प्रारंभीच्या काळात तो चाचणीतही दिसून येत नाही.

दुकानात काय पाहावे

एकदाच वापरायच्या सुईचे बंद पाकीट ग्राहकासमोर फोडले जावे. पाकिटावरील निर्जंतुकीकरणाची खूण आणि मुदत पाहावी. शाई प्रत्येक ग्राहकासाठी नव्या लहान टोपणात ओतलेली असावी आणि उरलेली पुन्हा बाटलीत जाऊ नये. कारागिराने हात धुऊन नवे हातमोजे घालावेत आणि मध्येच मोबाइलला किंवा दाराच्या कडीला हात लावल्यास ते बदलावेत. यंत्राचे पुन्हा वापरायचे भाग दाबयुक्त वाफेने निर्जंतुक केले जातात का, हे विचारावे. उकळत्या पाण्यात बुडवणे किंवा स्पिरिटने पुसणे पुरेसे नसते. वापरलेल्या सुया टाकण्यासाठी न फुटणारा, न टोचणारा डबा असावा. या प्रश्नांनी चिडणाऱ्या दुकानातून परत येणे श्रेयस्कर.

अक्षरांचा टॅटू काढताना आणखी एक दक्षता आवश्यक आहे. परप्रांतात मराठी नाव किंवा ओळ गोंदवून घेताना कारागिराला देवनागरी लिपी येत असेलच असे नाही. जोडाक्षर फुटणे, ऱ्हस्व-दीर्घ चुकणे, अनुस्वार गळणे, ‘ळ’चा ‘ल’ होणे असे दोष त्वचेवर उतरल्यावर दुरुस्त करता येत नाहीत. स्वतःला न येणाऱ्या लिपीतील मजकूर, उदाहरणार्थ कन्नड अक्षरे, ती भाषा जाणणाऱ्या दोन व्यक्तींकडून तपासून घ्यावीत. कागदी ठसा त्वचेवर उमटल्यानंतर आरशात न पाहता छायाचित्र काढून वाचावा, कारण आरशात अक्षरे उलटी दिसतात.

टॅटूच्या दिवशी पोटभर जेवण केलेले असावे आणि झोप झालेली असावी. आधीचे २४ तास मद्यपान टाळावे. भाजलेल्या, सोललेल्या किंवा पुरळ उठलेल्या त्वचेवर टॅटू काढू नये. बधिर करणारे मलम मोठ्या भागावर थापून त्यावर प्लास्टिक गुंडाळणे घातक ठरू शकते. १८ वर्षांखालील व्यक्तीची संमती कायद्याच्या दृष्टीने पुरेशी नसते. म्हणून अल्पवयीन मुलांना टॅटू काढून देणाऱ्या दुकानाच्या इतर दक्षतेबाबतही शंका घ्यावी.

नंतरची काळजी

ताजा टॅटू ही एक उघडी जखम असते. कारागिराने लावलेले आवरण त्याने सांगितलेल्या वेळेनंतर, हात साबणाने धुऊन काढावे. कोमट पाणी आणि सुगंधविरहित सौम्य साबण यांनी जागा हलक्या हाताने धुवावी, स्वच्छ कागदी रुमालाने टिपून कोरडी करावी आणि सुगंधविरहित मलमाचा अगदी पातळ थर द्यावा. दिवसातून दोन वेळा असे करणे पुरते. हळद, खोबरेल तेल, टूथपेस्ट किंवा घरगुती लेप लावू नये. वसतिगृहात राहणाऱ्यांनी दुसऱ्याचा टॉवेल वापरू नये आणि चादर स्वच्छ ठेवावी.

पहिले दोन-तीन दिवस लाली, किंचित सूज आणि पाण्यासारखा स्राव येणे स्वाभाविक असते. त्यानंतर खपली धरते आणि खाज सुटते. खपली नखाने काढल्यास रंग निघतो आणि व्रण राहतो. वरची त्वचा भरून येण्यास साधारण दोन ते चार आठवडे लागतात. आतील थर पूर्ववत होण्यास त्याहून अधिक काळ जातो. या दरम्यान जलतरण तलाव आणि नदी-तलावातील स्नान वर्ज्य करावे. श्रीरंगपट्टणला कावेरीस्नानाचा बेत असल्यास तो आधी उरकावा किंवा पुढे ढकलावा. सैल सुती कपडे घालावेत. जखम भरल्यानंतर उन्हात जाताना किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन लावल्यास रंग लवकर फिका पडत नाही.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

तीन दिवसांनंतर लाली कमी होण्याऐवजी पसरत गेली, जागा गरम व अधिक दुखरी झाली, पू आला, ताप आला किंवा टॅटूपासून वर जाणाऱ्या लाल रेषा दिसल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दोन-तीन आठवड्यांनी बारीक लाल पुटकुळ्या उठून त्या जात नसतील, तर नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंची शक्यता तपासावी लागते. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडयुक्त मलम आणून लावू नये. त्याने संसर्ग झाकला जाऊन वाढतो. म्हैसूरमध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न कृष्णराजेंद्र रुग्णालय हा सार्वजनिक पर्याय आहे.

दुसऱ्यासाठी वापरलेली सुई वापरली गेल्याची शंका आली, तर वाट पाहू नये. एचआयव्ही प्रतिबंधक औषधोपचार ७२ तासांच्या आत आणि शक्य तितक्या लवकर सुरू व्हावे लागतात. शासकीय केंद्रांत एचआयव्हीची चाचणी मोफत व गोपनीय असते. १०९७ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर माहिती मिळते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमांतर्गत हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी व उपचार विनामूल्य उपलब्ध आहेत. लगेच केलेली चाचणी नकारात्मक आली, तरी डॉक्टर सांगतील त्या कालावधीनंतर ती पुन्हा करावी लागते.

टॅटू काढून टाकणे

लेझरद्वारे टॅटू पुसता येतो, मात्र ते काढण्याइतके सोपे नाही. लेझर रंगकणांचे बारीक तुकडे करतो आणि शरीर ते हळूहळू वाहून नेते. त्यासाठी काही आठवड्यांच्या अंतराने अनेक सत्रे लागतात आणि एकूण खर्च मूळ टॅटूच्या कितीतरी पट होऊ शकतो. काळा रंग तुलनेने लवकर जातो. हिरवा आणि पिवळा चिवट असतात. सावळ्या त्वचेवर पांढरे किंवा काळपट डाग राहण्याचा धोका असल्याने हा उपचार ब्युटी पार्लरमध्ये न करता त्वचारोगतज्ज्ञांकडूनच करून घ्यावा.

टॅटू काढून घेतलेल्या व्यक्तीने दुकानाची पावती, तारीख आणि शाईच्या बाटलीचे छायाचित्र जपून ठेवावे. पुढे त्रास झाल्यास निदानासाठी आणि तक्रारीसाठीही त्यांचा उपयोग होतो. एमआरआय तपासणीपूर्वी टॅटूविषयी तंत्रज्ञाला सांगावे. क्वचित प्रसंगी त्या जागी उष्णता किंवा चुरचुर जाणवते, परंतु त्या कारणाने तपासणी टाळण्याची गरज नसते.