ब्रह्मदंडी नक्की कोणती?

नगर-मनमाड रस्त्याने शिर्डीला जाणाऱ्यांचं लक्ष सहसा कळसाकडे नाहीतर पार्किंगच्या जागेकडे असतं. कडेच्या काटेरी झुडपांकडे कोण बघणार? पण मंडळी, त्या काट्यांनाही इतिहास आहे, आणि तो चांगलाच गुंत्याचा आहे.

"ब्रह्मदंडी" हे नाव आपल्याकडे निदान तीन झाडांना लावतात. पहिलं उंटकटारा, दुसरं दहान आणि तिसरं पिवळा धोतरा. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एका जागी एकाच नावाचे तीन व्हेरिएबल लिहिले तर कंपायलर लगेच बोंब मारतो. भाषेला असा कंपायलर नसतो, त्यामुळे चूक शेकडो वर्षं तशीच चालू राहते.

उंटकटारा हा इथला अस्सल कोरडवाहू रहिवासी. उंट त्याचे काटेसुद्धा आवडीने खातो, म्हणून हे नाव. शास्त्रीय नाव एकिनॉप्स एकिनॅटस. ते देणारे विल्यम रॉक्सबर्ग १८१५ मध्ये वारले आणि नाव ज्यात छापलं गेलं तो ग्रंथभाग १८३२ मध्ये आला! दहान म्हणजे ट्रायकोलेपिस ग्लॅबेरिमा, हाही आपल्या द्वीपकल्पाचाच. उंटकटारा आणि दहान दोघेही करडईच्या कुळातले, म्हणजे भाऊबंद.

पिवळा धोतरा मात्र पाहुणा आहे. तो धोतरा तर नाहीच, त्याचं कूळ अफूचं. मूळ गाव मेक्सिको. १७५३ मध्ये लिनियसने त्याच्या नावातच 'मेक्सिकाना' घातलं, आणि आपल्याकडचं 'फिरंगी धोतरा' हे नावही तेच सांगतं. आता खरी गंमत बघा. चरकसंहितेत 'स्वर्णक्षीरी' नावाची वनस्पती आहे, म्हणजे सोनेरी चीक असणारी. पिवळ्या धोतऱ्याचं पान तोडलं की पिवळा चीक येतो, म्हणून पुढे लोकांनी ते नाव यालाच देऊन टाकलं. पण चरकाच्या काळी हे झाड भारतात असणं शक्यच नाही, कोलंबसाचा प्रवास १४९२ चा! म्हणजे नाव जुनं, झाड नवं. जुन्या नावाचा मान मात्र पाहुण्याला फुकट मिळाला.

यात बिघडलं कुठे? सांगतो. पिवळ्या धोतऱ्याच्या बिया दिसायला थेट मोहरीसारख्या आणि विषारी. त्यांचं तेल मोहरीच्या तेलात मिसळलं गेलं की पायांना सूज येते, हृदयावर ताण येतो. १९९८ मध्ये दिल्लीत अशाच भेसळीने ६० च्या आसपास माणसं दगावली. तेव्हा "ब्रह्मदंडीचं मूळ आणा" असं कुणी सांगितलं तर "कोणती ब्रह्मदंडी?" हा प्रश्न शब्दच्छल नाही, जिवाचा प्रश्न आहे.

ओळखायचं कसं? पान तोडा. पिवळा चीक आला, फूल पिवळं आणि पाकळ्या कागदासारख्या पातळ असल्या, तर तो पाहुणा. चीक पिवळा नाही, पान खालून पांढरं लवदार, आणि टोकाला काट्यांचा गोल चेंडू, तर उंटकटारा. तो चेंडू म्हणजे एक फूल नव्हे. त्यातलं प्रत्येक छोटं फूल आपापल्या वेगळ्या वेष्टणात बसलेलं असतं. पानांना काटे नाहीत, पण गुलाबी-जांभळ्या बोंडाला बारीक टोकदार राठ केस असतील, तर दहान. उंटकटारा एकवर्षायू की बहुवर्षायू यावर मात्र पुस्तकांचंच एकमत नाही, काहींत हे तर काहींत ते. आणि ओळखीचं काम अजून संपलेलं नाही. अलीकडेच आपल्या डोंगरांतून एकिनॉप्स सह्याद्रिकस ही नवी जात वेगळी काढली गेली.

लावायचा असेल तर एकच पथ्य, पाणी तुंबता कामा नये. मूळ सरळ खोल जातं, म्हणून रोप उपटून हलवण्यापेक्षा पावसाच्या सुरुवातीला बी जागेवरच टाकलेलं बरं. माळावरच्या मुरमाड जमिनीत तो खूश असतो.

आता हीच जमीन बदलते आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोदावरीचे कालवे आले आणि राहाता-कोपरगाव पट्ट्यात ऊस उभा राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये निळवंडेच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं, तेही शिर्डीतच. दुष्काळी गावांना पाणी मिळालं, याहून चांगली गोष्ट कोणती? कुणी काट्यासाठी पाणी अडवावं असं मी मुळीच म्हणणार नाही. फक्त एवढंच वाटतं, की माळ भिजला की उंटकटाऱ्याला बांधाचीच जागा उरते. पिवळ्या धोतऱ्याचं तसं नाही, उकरलेली जमीन, रस्त्याची कड, पडीक प्लॉट, त्याला सगळं चालतं. उद्या बांधावर तोच एक उरला, तर 'ब्रह्मदंडी' म्हटल्यावर पोरं त्याच्याकडेच बोट दाखवतील. आणि तेव्हा त्यांना चूक तरी कशी म्हणायची?