उत्तनच्या किनाऱ्यावरील डिझेलयुग

भाईंदरच्या पश्चिमेला, जुन्या धारावी बेटाच्या किनाऱ्यावर उत्तन, चौक, पाली अशी कोळीवाड्यांची ओळ आहे. तेथील बंदरात आज पहाटे पहिला आवाज उठतो तो इंजिनाचा. तो इतका अंगवळणी पडला आहे की पूर्वापार चालत आल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्याचे वय दोन-तीन पिढ्यांपलीकडे जात नाही. खनिज तेलाच्या सद्दीला उतरती कळा लागू पाहत असताना, ती सद्दी आपल्या दारी कशी आली आणि तिने आपल्या समाजजीवनात काय बदलले, हे पाहणे अगत्याचे आहे.

वसईच्या पोर्तुगीज अमदानीत (१५३४ ते १७३९) आणि पुढेही दोनशे वर्षे आपला कोळी शीड आणि वल्ही यांच्या बळावर समुद्रात जात असे. त्याचे डोल जाळे तर भरती-ओहोटीच्या ओढीवरच चालणारे. समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना पिशवीसारखे जाळे बांधायचे. बाकीचे काम पाणी करी. उधाणाला ओढ अधिक, भांगाला कमी; म्हणून धंद्याचे पंचांग चंद्राच्या हाती होते. बोंबील सुकत ते बांबूच्या वलांडीवर, उन्हात. भाईंदरची मिठागरेही ऊन आणि वारा यांवरच पिकत.

खनिज इंधनाचे पाऊल येथे प्रथम जमिनीवर पडले. १८६७ साली विरारहून मुंबईला कोळशावर चालणारी लोकल गाडी सुरू झाली. पुढे घरोघरी घासलेटची चिमणी आली. समुद्रावर मात्र यंत्र पोहोचले ते स्वातंत्र्यानंतर. १९५० नंतरच्या दशकांत सरकारी कर्जाच्या आणि मच्छिमार सहकारी संस्थांच्या आधाराने होड्यांवर इंजिने बसू लागली. त्याचे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. वारा पडला म्हणून समुद्रात तिष्ठत राहणे संपले. आभाळ फिरताच किनारा गाठता येऊ लागला. दूरची मासळी हाती आली.

परंतु वारा फुकट होता आणि डिझेल रोखीचे आहे. इंजिनाबरोबर कर्ज आले, कर्जाबरोबर अधिक मासळीची निकड आली आणि त्या निकडीपायी होड्या मोठ्या होऊन अधिकाधिक दूर जाऊ लागल्या. आज फेरी संपली की नाखवा पहिला हिशेब मांडतो तो डिझेल आणि बर्फाचा. घराची पाळी त्यानंतर.

फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जहाजाने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर 'बॉम्बे हाय' येथे तेल शोधले आणि १९७६ साली उत्पादन सुरू झाले. तेलफलाटांभोवतीचे ५०० मीटर पाणी मासेमारीला बंद झाले. या क्षेत्राच्या उत्पादनाने १९८९ च्या सुमारास शिखर गाठले. तेथून उतरण लागली. ती थोपविण्यासाठी तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाने जानेवारी २०२५ मध्ये एका ब्रिटिश कंपनीचे तांत्रिक साहाय्य घेण्याचे जाहीर केले. इकडे भावाचा तडाखा कोळ्यालाच बसला. जानेवारी २०१३ मध्ये घाऊक ग्राहकांसाठी डिझेलचा दर वेगळा झाला आणि मच्छिमार संस्थाही घाऊक ग्राहकांत गणल्या गेल्या. मार्च २०२२ मध्ये तर हा घाऊक दर लिटरमागे एकदम सुमारे २५ रुपयांनी वाढून मुंबईत १२२ रुपयांवर गेला.

मग पुन्हा शीड उभारावे काय? तसे म्हणणे सोपे आहे. पण किनाऱ्याजवळची मासळी विरळ झाली आहे, आजच्या होड्यांची बांधणी इंजिनासाठी आहे आणि शीड हाकारण्याची विद्या वयोवृद्धांबरोबर मावळत चालली आहे. अनेक दिवसांच्या फेरीला पुरेल अशी विजेची साठवण अद्याप सामान्य नाखव्याच्या आवाक्यात नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात खनिज इंधने टप्प्याटप्प्याने, पण विनाविलंब बाजूला सारण्याचा आग्रह धरला. त्याचबरोबर या बदलाचा भार गरिबांवर पडू नये, याचीही आठवण दिली.

येथे आपला इतिहासच मार्ग दाखवितो. इंजिन उत्तनला एकट्यादुकट्याच्या पराक्रमाने आले नाही. कर्ज, सहकारी संस्था आणि सवलती यांनी ते आणले. मग ते बदलण्याची वेळ येईल तेव्हा नाखव्याला एकटे सोडून कसे चालेल? ही मागणी आपल्या संस्थांनी आजच मांडावी, कारण जुन्या इंजिनाचे हप्ते फिटण्याआधीच नवे कर्ज उभे राहण्याचा धोका आहे. दरम्यान, उधाण-भांगाचे आणि वाऱ्याचे आडाखे ज्यांच्या स्मरणात आहेत, त्यांच्याकडून ते लिहून घ्यावेत. डोल जाळे आजही पाण्याच्या ओढीवरच चालते. डिझेल लागते ते तेथवर जाण्यायेण्याला.