तळटीप : अर्धा पॉट

* श्रीगोंद्याच्या वाचकाला परिचित असलेल्या तीन पत्तीत सगळा पॉट एकाचाच असतो. त्यामुळे हातात तीन राजे जमूनही लेखक चाल का वाढवत नाही, हे कोडे वाटेल. ओमाहा हाय-लोमध्ये पॉटचे दोन वाटे होतात : निम्मा सर्वांत वरच्या हाताला, निम्मा आठ किंवा त्याखालच्या पाच वेगवेगळ्या पानांच्या सर्वांत खालच्या हाताला. प्रत्येकाकडे चार पाने. त्यांतली नेमकी दोन आणि पटावर सर्वांसाठी उघडलेल्या पानांतली तीन धरायची. खालचा हात कुणाचाच झाला नाही, तर सगळा पॉट वरच्याचा. आता हातात दोन राजे, राणी, गुलाम आहेत. पटावर राजा, नव्वी, दुर्री उघडली, तर उरलेल्या दोन पानांत खालच्या हाताची वाट मोकळी होण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के. नव्वीच्या जागी सत्ती असेल, तर तब्बल ७९. त्यातच दोन बदाम दिसत असले, तर फ्लशच्या आशेवर बसलेला वरच्या निम्म्यावरही टपलेला असतो. पहिल्या पटावर भरपूर लावून पुढचे पान बघणे इतरांना महाग करावे. लेखकासमोर दुसरा पट होता. त्याने हात आखडता घेतला, हे योग्यच.